भामरे मॅडम आणि अण्णांचे कान

भामरे मॅडम समोरच्याला वाक्य पुरं करू देत नसत. इंदिरानगरच्या त्या कॅन्सरच्या दवाखान्यात औषधांचे दुष्परिणाम तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. पहिल्याच भेटीत मी म्हणालो, "केमो घेतल्यापासून आमच्या अण्णांना ऐकू..." तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"नंतर झालं म्हणजे त्यामुळे झालं, असं नसतं. बसा."

मला तेव्हा आलेला त्यांचा राग पुढे कधी गेला नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. लासलगावच्या बाजारात एका व्यापाऱ्यासाठी कांद्याच्या लिलावात बोली लावायचे. ट्रॅक्टर धडधडताहेत, सगळे एकदम ओरडताहेत, तरी कोण किती बोललं ते त्यांच्या कानातून सुटायचं नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरवर सलाइनमधून सिस्प्लॅटिन नावाचं केमोचं औषध सुरू झालं आणि दुसऱ्या डोसनंतर ते आईवर खेकसू लागले, "पुटपुटू नको, नीट बोल." मोठ्या डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. "वय झालं त्यांचं. त्यात जन्मभर बाजारातला गोंगाट."

मॅडमनी आमची उलटतपासणीच घेतली. घरात आणखी कुणी बहिरं होतं का? गावाकडे कसली इंजेक्शनं घेतली? टीव्हीचा आवाज आधीपासूनच मोठा लागायचा का? आईला रडू फुटलं.

"बाई, त्यांचा जीव टांगणीला लागलाय अन् तुम्ही आमचीच चूक काढता का?"

"चूक नाही, कारण शोधतेय. रडून झालं की सांगा."

मी मुठी आवळून बसलो होतो.

त्यांनी त्याच दिवशी कानांची तपासणी करवली. ऐकणं कमी झालेलं निघालं. पण केमोआधीची तपासणी कुणी केलीच नव्हती, मग तुलना कशाशी करणार? "मला औषधाचा संशय आहे, खात्री नाही," मॅडमनी डॉक्टरांना सांगितलं. "संशयावर उपचार बदलत नाहीत," डॉक्टर म्हणाले. तिसरा डोस त्याच औषधाचा गेला. मॅडमनी पुन्हा तपासणी करवली. ऐकणं आणखी कमी झालं होतं.

त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीतलं भांडण बाहेर बाकावर आम्हाला ऐकू येत होतं. आम्हाला म्हणजे आईला आणि मला.

"अहवालात हे असं लिहिलंत तर दवाखान्याची बदनामी होईल, मॅडम."

"गोंगाटानं कान जायला वर्षं लागतात. हे दोन तपासण्यांच्या मधे, एका डोसनंतर झालंय. बहुतेक औषधामुळेच, असं मी लिहिणार."

"बहुतेक? म्हणजे खात्री नाहीच!"

"नाही, म्हणून तर बहुतेक. तुम्हाला तरी कुठं होती? तुम्ही बिनधास्त वयावर ढकललंत."

औषध बदललं. कॅन्सर आटोक्यात राहिला, कान आणखी बिघडले नाहीत. पण गेलं ते परत आलं नाही. बरं वाटल्यावर अण्णा एकदा लिलावाला गेले. व्यापाऱ्यांच्या हलणाऱ्या तोंडांकडे बघत राहिले, आणि घरी येऊन म्हणाले, "आता नाय जमायचं."

शेवटच्या सलाइनच्या दिवशी दवाखान्याच्या दारातल्या गर्दीत मॅडम दिसल्या. मी आडवा गेलो. "बाजारातलं त्यांचं काम सुटलं. आधीच बघितलं असतंत तर..."

"पहिल्या डोसआधी कान तपासायला हवे होते," त्यांनी वाक्य तोडलंच. "मग दुसऱ्यानंतर लगेच कळलं असतं. ते झालं नाही. चूक झाली." आणि चालू लागल्या.

"काय म्हणती बाई?" अण्णांनी विचारलं.

मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "चूक झाली म्हणतात!"

"कोणाची?"

मॅडम थांबल्या. मागे वळून आल्या, अण्णांच्या कानाशी वाकल्या आणि अख्खी गर्दी वळून बघेल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "आमची!"