वांगणीच्या माळावर तीन पांढऱ्या चादरी

मी आयुष्यात एकदाच उल्कावर्षाव बघायला गेलो आणि त्या रात्री तो माझ्याशिवाय सगळ्यांनी बघितला.

गेल्या डिसेंबरात सासूबाई उल्हासनगरहून आमच्याकडे बदलापूरला आल्या होत्या. सत्तरी उलटली तरी त्यांनी तुटता तारा पाहिला नव्हता. "दिवसभर शिलाई मशीन, संध्याकाळी स्वयंपाक. मान वर करायला सवड कुणाला होती?" असं त्या सहज म्हणाल्या आणि मला एकदम भरून आलं. (शिवाय त्यांचा मिक्सर दुरुस्त करतो म्हणून मी तो कायमचा बंद पाडला होता. कुठेतरी भरपाई हवीच होती.)

"आई, उद्याच दाखवतो. ढिगानं पडणार आहेत."

"आपल्या गच्चीवरून समोरच्या टॉवरचे हॅलोजन तेवढे दिसतात," माझी बायको सुजाता म्हणाली.

म्हणून दुसऱ्या रात्री जुनी गाडी काढून आम्ही तिघं वांगणीला, कंपनीतल्या मित्राच्या मोकळ्या प्लॉटवर गेलो. थंडी कडाक्याची, आणि स्वेटरची पिशवी मी घरी दारातच विसरलेलो. नशीब, डिकीत बुद्धविहारातल्या पांढऱ्या चादरी होत्या. सुजातानं धुवायला आणल्या होत्या. सतरंजी टाकून आम्ही ओळीनं आडवे झालो.

"आधी डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला हवी," मी माहितगाराच्या थाटात सांगितलं. "वीस मिनिटं चादर तोंडावरून घ्या."

दोघींनी घेतली. चष्मा काढून गवतावर ठेवला आणि मीही घेतली.

थोड्या वेळानं पावलं वाजली. चादरीतून बॅटरीचा उजेड जाणवला.

"आई गं... तीन हायेत," कुणीतरी पुटपुटलं.

गैरसमज दूर करावा म्हणून मी तसाच, चादरीसकट, ताडकन उठून बसलो आणि म्हणालो, "घाबरू नका."

माणूस धूम पळाला.

"झाली का वीस मिनिटं?" सासूबाईंनी आतून विचारलं.

दहा मिनिटांत तो पाचसहा जणांना घेऊन परत आला. काठ्या, बॅटऱ्या. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्योच उठला."

त्यांनी मला उभं केलं आणि सगळ्या बॅटऱ्या माझ्या तोंडावर धरल्या.

"काय करताय इथं?"

"तारे बघतोय."

"तोंडावर चादर घेऊन?"

मी डोळ्यांच्या सवयीचं शास्त्र समजावू लागलो, तेवढ्यात सगळ्यांच्या नजरा माझ्या डोक्यावरून वर आकाशात गेल्या. काठ्या खाली आल्या. सासूबाई नुसतं "अगं बाई" म्हणाल्या.

मी गर्रकन वळलो. बॅटऱ्यांमुळे डोळ्यांपुढे जांभळे ठिपके सोडून काही नव्हतं!

मग मंडळी आमच्याच सतरंजीवर आणि आजूबाजूच्या गवतावर बसली. कुणीतरी घरून चहा आणला. सासूबाई लहान मुलीसारख्या "ती बघ, ती बघ" करत होत्या आणि तो पळालेला माणूस त्यांना मोजून देत होता. मी मात्र गुडघ्यांवर रांगत गवतात चष्मा शोधत होतो. सापडला तेव्हा त्याच्यावर एक काठीवाले काका बसलेले होते.

परतताना गाडी सुजातानं चालवली. सासूबाई मागून म्हणाल्या, "जावईबापू, जन्माचं दाखवलंत हो." इतका हळवा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

सोमवारी कंपनीत मित्रानं विचारलं तेव्हा मी सगळं रंगवून सांगितलं: हिरवट उजेड, लांब शेपूट, डोंगरापर्यंत गेलेली रेघ. शब्द सगळे सासूबाईंचे. तो इतका भारावला की पुढच्या वर्षी अख्ख्या डिपार्टमेंटला घेऊन जायचं ठरलं आहे. मार्गदर्शक म्हणून एकमतानं माझी निवड झाली आहे.