म्हातारीच्या ताब्यातला मुद्देमाल

ती घटना आठवली की मी आजही एकटाच हसतो आणि घरचे मला डॉक्टरकडे न्यायच्या गोष्टी करतात.

मी पोलादपूरला फौजदार होतो. मुंबईतल्या गिरण्यांचा संप लांबला होता, कामगार गावोगाव परतले होते. त्यातल्याच एकाने, ज्याला सगळे गिरणीवाला म्हणत, कशेडी घाटाखालच्या दगडखाणीत काम धरलं आणि बघता बघता खडी फोडणाऱ्या बायाबाप्यांची संघटना उभी केली. मागणी एकच, आठ तासांनी सुट्टी.

खाणीत झाडाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता. मुकादमाने त्यावर टोला मारला की काम सुरू, दुसरा मारला की बंद. हा दुसरा टोला मात्र ठेकेदाराच्या मर्जीने, बहुधा दिवस मावळल्यावर पडे.

एका सकाळी रूळच गायब. ठेकेदार ठाण्यात आला, चोर म्हणून गिरणीवाल्याचं नावही सांगून मोकळा झाला. पाठोपाठ खबऱ्याने तेच नाव आणलं. खबऱ्याच्या खिशात ठेकेदार ओढायचा त्याच छापाचं सिगारेटचं पाकीट होतं. गिरणीवाला आत गेला की संघटना संपली, हे ठेकेदाराला ठाऊक होतं आणि मलाही.

दुपारनंतर मी खाणीवर गेलो. गिरणीवाल्याने सगळ्या प्रश्नांना शांतपणे नकार दिला. एका बाईला विचारलं, रूळ कुठे गेला?

"चालत गेला आसंल, सायेब. त्यालाबी कटाळा आला आसंल."

पंचनाम्यासाठी खाणीतलेच दोन पंच घेतले. लिहायला सुरुवात केली, तोच ओढ्यापलीकडच्या बौद्धवाडीतून खणखणीत टोला ऐकू आला. सगळे हातोडे एकदम खाली. बायांनी पदर झटकले नि वाट धरली. माझे पंचही पंचनामा अर्धा टाकून उठले!

आम्ही आवाजामागे गेलो. वाडीतल्या आंब्याला रूळ टांगलेला, खाली हातोडा घेऊन एक म्हातारी.

"म्हाडची एस्टी घाट उतारली का आठ तास भरले, मी टोला देते," ती म्हणाली. "लोखंड कोनाचा हाय, ता शेटला इचार."

मला हसू आवरेना. ठेकेदार धापा टाकत आला, "हाच माझा रूळ!" म्हणून ओरडला. मी कागद पुढे ओढला. म्हटलं, लिहून घेतो. कुठे घेतला, पावती कुठेय? आपल्या तालुक्यात रेल्वे नाही, आणि रेल्वेचा माल बेकायदा बाळगणं हा वेगळा गुन्हा आहे.

ठेकेदाराने रुळाभोवती एक फेरी मारली.

"साहेब, आता नीट बघितला. हा माझा नाही."

तक्रार त्याने तिथेच मागे घेतली. मी रेल्वे पोलिसांना पत्र धाडलं आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत बेवारस रूळ रीतसर सुपुर्दनामा करून म्हातारीच्या ताब्यात दिला. अट घातली, आहे त्या जागेवरून हलवायचा नाही. माझी बदली होईपर्यंत उत्तर आलं नव्हतं आणि एसटी उतरली की खाण सुटत होती.

चोरीला गेलेल्या वस्तूची किंमत फिर्यादी न विचारता सांगतो. ती वस्तू रोज काय काम करायची आणि कुणासाठी, हे त्यानंतर मी प्रत्येक फिर्यादीला आधी विचारू लागलो.