खांद्यावरचा हात

शुक्रवार पेठेतल्या त्या फ्लेक्सवाल्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. धाकटा भाऊ गेला होता. श्रद्धांजलीसाठी मी मोबाइलमधला फोटो दिला. त्यानं तो चेहऱ्याचे चौकोन दिसेपर्यंत मोठा केला.

"व्हॉट्सअ‍ॅपचा हाय. लई फाटतोय."

तो शब्द मला झोंबला. मग त्याचा माउस भावाच्या खांद्यावर थांबला.

"हा हात कुणाचा?"

"माझा."

तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "काढावा लागतोय. काढणं सोपं हाय की. पण त्याच्याखाली काय होतं, ते मलाच बनवावं लागतंय."

त्यानं तिथं शर्टाच्या रेघा भरल्या.

संध्याकाळी चौकात फ्लेक्स लागला. हात कुठंच नव्हता. भावाचा खांदा मात्र माझ्या भारानं अजून दबलेलाच होता.