नावात पाणी नको

हे पडले नांदेडच्या बसस्टँडवर. बोअरमध्ये घालायच्या केसिंग पाइपांचा भाव काढायला गेले होते आणि लातूरच्या गाडीची वाट बघत उभे होते. एका केळीवाल्याने त्यांना आपल्या गाड्यावर आडवं घातलं आणि सरकारी दवाखान्यात पोचवलं. मी जाईपर्यंत उजवं अंग लुळं पडलेलं होतं आणि वाचा गेलेली होती. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच खूप समजा.

लातूरला घरी आणल्यावर काही दिवसांनी ह्यांच्या तोंडून एक शब्द फुटला. 'हाव.' आमच्याकडे हो म्हणायला हाव म्हणतात. मला इतका आनंद झाला की मी शेजारणीला हाक मारली. पण पाणी देऊ का विचारलं तरी हाव, नको का विचारलं तरी हाव. डोकं दुखतंय का, हाव. मी कोण, हाव. तेवढाच एक शब्द उरला होता आणि सगळं त्यातूनच सांगायची त्यांची धडपड चालायची.

लातूर तेव्हा नुकता जिल्हा झाला होता. भाड्याच्या बंगल्यांवर रोज एखाद्या नव्या ऑफिसची पाटी चढत होती. आणि पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. आमच्या गल्लीत टँकर यायचा तेव्हा बायका एकमेकींच्या घागरी ढकलून द्यायच्या. गावोगाव बोअर घ्यायची कामं निघाली होती. हे दुसऱ्याच्या बोअरच्या मशीनवर ड्रिलर म्हणून काम करायचे. आता स्वतःचं मशीन घ्यायचं त्यांच्या मनाने घेतलं होतं. पैसा लावणार होते अण्णा. अण्णा लिंगायत, त्यांचं हार्डवेअरचं दुकान. ह्यांची आणि त्यांची जुनी दोस्ती. तामिळनाडूच्या एका माणसाचं जुनं मशीन नांदेड रोडला येऊन उभंही राहिलं होतं.

अण्णांची अट एकच होती. "भागीदारी नको. बुडालं तर माझं दुकान जाईल अन् तुझं घर. लिमिटेड कंपनी करू. बुडली तर ती बुडंल, आपण राहू."

कंपनीला आधी नाव लागतं. नावाचा अर्ज मुंबईला जातो, तिथून मंजूर झालं की मग पुढची कागदपत्रं. हे मला म्हणाले होते, "नाव ठरलंय माझं. अर्ज भरायच्या दिवशी सांगतो, आत्ता न्हाई." असं हसून म्हणाले आणि दोनच दिवसांनी नांदेडला गेले.

ह्यांना घरी आणल्यावर अण्णा भेटायला आले. खाटेशेजारी बराच वेळ बसले. उठताना दारात मला म्हणाले, "वैनी, आता कसली कंपनी. मशीनवाल्याला मी न्हाई म्हणून सांगतो."

"अण्णा, मशीन गेलं तर मी काय करू?" मी म्हणाले. "रोजगार हमीवर खडी फोडायला गेले, तर ह्यांना कोण बघणार? पोरी शाळेत जातात."

"पण त्याच्या जागी सही कुणाची?"

"माझी. मी मॅट्रिक हाय."

अण्णा हो म्हणाले नाहीत, पण मशीनवाल्यालाही नाही म्हणाले नाहीत.

टॅक्सची कामं करणारे एक वकील होते, त्यांनी अर्ज लिहून द्यायचं कबूल केलं. पसंतीच्या क्रमाने चार नावं द्या म्हणाले. दुपारी पोरी शाळेत गेल्यावर मी ह्यांच्याजवळ बसले आणि शब्द म्हणून दाखवू लागले. जल. हाव. धारा. हाव. झरा. हाव. अमृत, संजीवनी, गंगा, जे आठवेल ते. प्रत्येकाला हाव. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते, एखाद्या शब्दाला काही हललं तर कळावं म्हणून. थोड्या वेळाने त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी पदराने ते पुसलं. पुढे काही वर्षांनी त्यांना थोडं बोलता यायला लागलं तेव्हा मी ते ठरवलेलं नाव विचारलं होतं, तर त्यांचं त्यांनाच आठवत नव्हतं.

पाण्याची चार नावं मी लिहून दिली. मुंबईहून उत्तर यायला फार वेळ लागला. रोज पोस्टमन यायच्या वेळेला मी दाराशी उभी. मशीनसोबत आलेला माणूस अण्णांच्या दुकानात येऊन मोडक्या हिंदीत विचारून जायचा, कब लेगा, कब लेगा. शेवटी पत्र आलं. चारही नावं नाकारली होती; अशा नावाच्या कंपन्या आधीच आहेत. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, सगळा महाराष्ट्र कोरडा पडलाय. पाण्याचं नाव घेऊन बसलेल्या तुम्ही एकट्याच नाही आहात."

त्या दिवशी मी घरी आले आणि चुलीसमोर बसून राहिले. स्वयंपाक करायचाय हे लक्षातच आलं नाही. मोठ्या पोरीने भाकरी थापल्या.

अण्णा संध्याकाळी आले. चाचरत म्हणाले, "वैनी, महादेवाचं एखादं नाव टाकू का पुढं? लोकांचा विश्वास बसतो. पण तुमच्या घरी चालंल का?"

आम्ही बौद्ध. सासऱ्यांनी दीक्षा घेतल्यावर घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले होते. एरवी मी नाही म्हणाले असते. त्या दिवशी माझ्यात नाही म्हणायची ताकद नव्हती. "टाका," मी म्हणाले. "काहीही टाका."

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. "हाव! हाव! हाव!" हे डाव्या हाताने खाटेची पाटी बडवत होते. तोंड लाल झालं होतं. अण्णा घाबरून उठले. मी पळत जाऊन त्यांचा हात धरला. मला कळलं होतं. हा हाव म्हणजे नाही होता. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच मला त्यांचं काहीतरी कळलं होतं. अण्णांनाही कळलं असावं. त्यांनी ह्यांच्या पायावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं बरं. न्हाई टाकत."

त्याच आठवड्यात मी चाकूरकडच्या एका गावी गेले. ह्यांच्या जुन्या मालकाचं मशीन तिथे चालू होतं. काम कसं चालतं ते तरी बघावं, सही मी करणार होते. अख्खं गाव जमलेलं. बायका घागरी घेऊनच आलेल्या. मशीन घरघरत होतं आणि पांढरा धुरळा उडत होता. सगळ्यांच्या केसांवर, पापण्यांवर तो बसत होता. मुरूम संपला, काळा खडक लागला, आणि खडकाखाली खडकच. दिवस कलायला आला तेव्हा मशीन बंद केलं. कुणी भांडलं नाही. बायकांनी रिकाम्या घागरी उचलल्या. मशीनच्या दारावर मोठ्या निळ्या अक्षरांत गंगा लिहिलं होतं. एक म्हातारा ते वाचून थुंकला.

परतीच्या एसटीत मी ठरवलं, नावात पाणी नको. जे आपल्या हातात नाही ते पाटीवर कशाला लिहायचं.

वकीलसाहेबांसमोर मी नाव सांगितलं. काळा खडक ड्रिलिंग प्रायव्हेट लिमिटेड.

अण्णा दचकले. "वैनी, खडक लागणार म्हणून आधीच सांगायचं व्हय गिऱ्हाइकाला?"

"लागतोच की, अण्णा. तो फोडायचंच आपलं काम."

वकीलसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "एक मात्र खरं. हे नाव कुणी घेतलेलं नसणार."

नाव मंजूर झालं. मग सह्या. आपलं नाव, पत्ता आणि व्यवसाय आपल्याच हाताने लिहायचा असतो. व्यवसाय काय लिहू विचारलं तर वकीलसाहेब म्हणाले, गृहिणी लिहा. मी तेच लिहिलं. वाद घालायला अंगात बळ नव्हतं. माझ्या सहीखाली अण्णांनी सही केली आणि कागद मुंबईला गेले.

मशीनवाला थांबला नाही. त्याला सोलापूरकडचं काम मिळालं होतं आणि त्याने तरी किती थांबायचं. अण्णा सांगायला आले तेव्हा मी भांडी घासत होते. हातातलं पातेलं तसंच धरून मी अंगणात बसून राहिले. आत ह्यांनी विचारल्यासारखं हाव म्हटलं. मी पातेलं पुन्हा घासायला घेतलं. नंतर कंपनीचा दाखला आला, कंपनी झाली म्हणून शिक्का मारलेला. मी तो ट्रंकेत साड्यांखाली ठेवला. नाव होतं, मशीन नव्हतं.

उन्हाळा कसा काढला ते सांगत नाही. दोन पोरींना माहेरी लोह्याला पाठवलं. एवढं सांगितलं तरी पुरे.

मग एक दिवस अण्णा दुकान उघडं टाकून आले. जिल्हा परिषदेला हातपंप दुरुस्त करणारे पाहिजे होते. गावागावातले पंप बंद पडले होते, आणि काम रजिस्टर झालेल्या कंपनीलाच देणार होते. "मशीन लागत न्हाई वैनी. नट खोलायचे पाने, चामड्याचे वायसर, साखळी. ते सगळं माझ्या दुकानात हाय. अन् कागद तुमच्या ट्रंकेत हाय."

ह्यांच्या हाताखाली काम केलेला एक फिटर आम्ही धरला. मी बरोबर जायची. पंपाचा दांडा धरायची, वायसर मोजून द्यायची, सरपंचाची सही घ्यायची. पहिला पंप औशाच्या रस्त्यावरच्या एका वस्तीत होता. पाइप वर ओढून काढेपर्यंत माझ्या हाताची सालं निघाली. पुन्हा बसवून दांडा मारायला लागलो तर आधी नुसती हवा आली. मग गंजाचं लाल पाणी. एक बाई तेच घागरीत धरायला धावली. फिटर ओरडला, "थांबा मावशी, साफ येऊ द्या." ती म्हणाली, "तू मार दांडा. आमचं आम्ही बघतो."

मी दांडा मारत राहिले.