कागदात बांधलेली काच

फुटलेली काच वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळायची, वर सुतळी बांधायची आणि मगच कचऱ्यात टाकायची, ही आमच्या घरची शिस्त. कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. सासूबाईंनी लावली आणि मी ती मोठ्या तोऱ्यात पाळत आले.

आमच्या गल्लीतला सुका कचरा आठ वर्षं एकच मावशी नेत होती. ग्रामपंचायतीने आमच्या धाड गावच्या बाजारामागे पत्र्याची शेड बांधली, तिथेही तीच बसायची. पुठ्ठा, बाटल्या, रद्दी वेगळी करून भंगारवाल्याला विकायची. त्यावरच तिचं घर चालायचं. गाव स्वच्छ झालं म्हणून हारतुरे मात्र सरपंचांना.

त्या सकाळी तिने माझ्याच ओट्यासमोर पिशवी ओतली. ओली रद्दी भंगारवाला घेत नाही, म्हणून ती कागद सगळ्यात आधी सोडवायची. मी आतून "अगं, थांब" म्हणेपर्यंत तिने पुड्याची सुतळी ओढली होती. लोणच्याच्या फुटक्या बरणीची कड तिच्या उजव्या तळव्यात घुसली. सरकारी दवाखान्यात टाके पडले, पण दोन बोटं वाकेनात. ती आता वाकणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. हातावर पोट असणाऱ्या बाईला!

मी तडक ग्रामपंचायतीत गेले. हातमोजे का नाहीत म्हणून विचारलं, तर तिथल्या कर्मचाऱ्याने कपाट उघडून दाखवलं. आत हातमोजे होते, कोरे करकरीत, पाकिटासकट.

"हे तपासणीसाठी ठेवेल हायेत, मॅडम. वापरले तं खराब होतात ना."

माझं टाळकंच सरकलं.

"आन तिचं नाव कामगारांच्या यादीत नाही. तिले कोनं सांगतलं होतं पुडा सोडाले?"

मी टेबलावर हात आपटला. तोंडाला येईल ते बोलले, आणि त्याचा मला आजही पस्तावा नाही. महिनाभर खेटे घातले. यादीत नाव काही चढलं नाही.

मावशी परत आली तेव्हा डाव्या हाताने पिशव्या उचलत होती. मी तिला माझ्या भांडणाची सगळी हकिकत रंगवून सांगितली.

"ते राहू द्या, ताई. फक्त काच कागदात नोका बांधत जाऊ. उघडी दिसली तं मी हातच नाही घालत."

आठ वर्षांत मी तिला चहा दिला, जुन्या साड्या दिल्या, ढीगभर सल्ले दिले. काच कशी ठेवू, हे एकदाही विचारलं नाही.