गुरुबाईनं पाहिलेला बर्फ

खजुरीच्या गुरुबाईची धाकटी बहीण चन्नव्वा आळंदच्या तूर-व्यापाऱ्याच्या घरात पडली. गुरुबाईच्या वाट्याला कोरडवाहू रान आलं आणि तिशीतच वैधव्य. तरी ती आपलं आपण निभावत होती. पण चन्नव्वाच्या नवऱ्यानं, मल्लप्पानं, मिलिटरीचा जुना ट्रक लिलावात घेतला आणि गुरुबाई बहिणीचं नि आपलं तोलून बघू लागली.

निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं लोटली होती. मल्लप्पानं ट्रकवर लाकडी छप्पर चढवलं, आत झोपायला फळ्या ठोकल्या, स्टोव्हला पत्र्याची पेटी केली. त्या चाकांवरच्या घरातून केदारला जायचं ठरलं. स्वयंपाकाला सोबत म्हणून चन्नव्वानं अक्काला बोलावलं. गुरुबाईनं त्यातलं ‘स्वयंपाकाला’ तेवढंच ऐकलं. तरी ती निघाली. मागं राहून त्यांच्या गोष्टी ऐकणं तिला सोसलं नसतं.

चन्नव्वा पुढं नवऱ्याशेजारी बसायची. गुरुबाई मागं, भांड्याकुंड्यांत. मध्ये हातभर जाळीची खिडकी होती, तीतून तिला बहिणीचा अंबाडा दिसायचा.

ऋषिकेश मागं पडलं तसं सालवृक्षांचं दाट जंगल लागलं. रस्त्यात हत्तीची ताजी लीद होती. मग ट्रक डोंगर चढू लागला. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खोल नदी, आणि कोसकोस माणूस न्हाई. वळणांनी चन्नव्वाला उलट्या सुरू झाल्या. तिला मागं आडवं करून मल्लप्पा म्हणाला, "अक्का, तुम्ही पुढं या."

गुरुबाईच्या गाठोड्यात घरच्या झाडाची लिंबं होती. एक चोखलं असतं तर चन्नव्वाला उतार पडला असता, हे तिला ठाऊक होतं. तिनं गाठोडं पायांखाली सरकवलं.

दुसऱ्या दिवशी एका वळणावर ढग फाटले. समोर बर्फाचं शिखर उभं राहिलं, इतकं जवळ की गुरुबाईनं काचेकडं हात नेला. मागून जाळीला तोंड लावून चन्नव्वानं विचारलं, "अक्का, काय दिसायलंय गं?"

गुरुबाईनं सांगितलं. सांगताना तिला थांबवेना. तेवढ्यात ढग मिटले. पुढं दरड कोसळून रस्ताच वाहून गेला होता. मल्लप्पानं कपाळावर हात मारला आणि गाडी फिरवली. केदार राहिलं. उतारावर चन्नव्वाला बरं वाटलं आणि ती आपल्या जागेवर येऊन बसली.

आळंदला बायका जमल्या. चन्नव्वा बर्फाचं वर्णन करू लागली, शब्दन् शब्द गुरुबाईचा. गुरुबाई भिंतीला टेकून ऐकत राहिली. तिच्या अंगाची आग झाली. तू तर मागं आडवी पडली होतीस, असं म्हणावं तर लिंबांची गोष्ट आपल्याच तोंडून निसटायची भीती होती.

शेजारच्या यल्लम्मानं विचारलं, "ढग आले तवा त्यो बर्फ कसा दिसला?"

एवढं गुरुबाईनं सांगितलंच नव्हतं. चन्नव्वा अडखळली, बहिणीकडं बघू लागली. गुरुबाईनं तिला थोडा वेळ तसंच ताटकळत ठेवलं. मग म्हणाली, "राखेवानी. पैला कडेनं काळा पडला, मग मधूनच विझला."

बायका तिच्याकडं वळून बसल्या. आणखी काय काय दिसलं ते विचारू लागल्या. चन्नव्वाचा चेहरा उतरला. ती उठून पाणी आणायला आत गेली. गुरुबाईनं ते पाहिलं, पदर सावरला आणि हत्तीच्या लिदेपासून सांगायला सुरुवात केली.