दोन आमा, एक आकोसुआ

फ्रेमा सर्व्हरच्या कोनाड्याशी चप्पल काढून जाते.

उत्तरेकडची धूळ सुटली की आधी त्याच्यापुढची जाळी पुसते, मग स्वतःचं तोंड.

वीज जाण्याआधी पंखा जरासा कण्हतो. अख्ख्या अंगणात तो आवाज पहिल्यांदा तिला ऐकू येतो.

रविवारी ती सर्व्हरला हात लावत नाही. त्यालाही सुट्टी हवी, म्हणते, आणि प्रार्थनेला जाते.

एकदा उभं केलेलं यंत्र ती कधी पुसून टाकत नाही.

आणि त्याच्याशी बोलते. रागावली की इंग्रजीत, लाडात आली की त्वी या मायबोलीत.

कुमासी शहराच्या असाफो भागात तिचं छपाईचं दुकान आहे. मयताचे फलक, बारशाची पत्रं, चर्चची गाणी, सगळं तिथं छापून मिळतं. घर मात्र मागच्या गल्लीत, मधे अंगण आणि भोवती सहा बिऱ्हाडं असं. तिच्या खोलीतल्या कोनाड्यात बंद पडलेला मोठा फ्रीजर आहे आणि त्या फ्रीजरवर सर्व्हर. एका बँकेनं मोडीत काढलेल्या संगणकांतून तिनं तो जुळवला. एका पेटीच्या पोटात निरनिराळी आभासी यंत्रं, प्रत्येक आपापलं काम करणारं. एक दुकानाची कामं सांभाळतं, एक पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवतं, एक मुलांची पुस्तकं राखतं.

या यंत्रांना नावं हवीत. फ्रेमानं फार विचार केला नाही. इकडे मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला मिळतं. तसंच यांचं. सोमवारची आजोआ, शुक्रवारची आफुआ, शनिवारची आमा. सगळ्या मुलीच. आठव्या दिवशी ती फ्रीजरवर पाण्याचा एक थेंब आणि सोबोलोचा, म्हणजे अंबाडीच्या लाल सरबताचा, एक थेंब ठेवायची. मग नाव पक्कं.

पहिली आमा तिनं एनो आफ्राकोमासाठी केली होती. एनो म्हणजे समोरच्या खोलीतली म्हातारी. असाफोच्या बायकांच्या गाण्यात तिचा आवाज पुढे असायचा आणि बाकीच्या टाळ्या वाजवत मागून यायच्या. गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो आवाज गेला. आता फक्त कुजबुज उरली आहे. पण त्याआधी फ्रेमानं तिची गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. ती सगळी आमाच्या पोटात होती.

या शनिवारी एनोला ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. अंगणात मांडव पडला होता. एनोची एकच मागणी होती.

"मला भेट नको," ती कुजबुजली होती. "माझ्याच आवाजावर मला एकदा नाचायचंय."

गुरुवारी दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि मग धाडकन आली. आमा ज्या डिस्कवर होती ती डिस्क कायमची गप्प झाली.

फ्रेमा घाबरली नाही. बॅकअप होता. रोज पहाटे ज्या यंत्रात काही नवं आलं असेल त्याची नक्कल दुसऱ्या डिस्कवर जायची, ज्याच्या त्याच्या नावाच्या कप्प्यात. कप्पा भरला की सर्वांत जुनी नक्कल बाहेर. ही व्यवस्था तिनं स्वतः लावली होती, आणि तिचा तिला अभिमानही होता.

तिनं आमाचा कप्पा उघडला. नक्कल परत उभी केली. खालच्या खोलीतला टॅक्सीवाला बेदियाको दारात येऊन उभा राहिला. एनोही काठी टेकत आली. फ्रेमानं बटण दाबलं.

पडद्यावर साडी नेसलेली एक सासू उगवली. जिना उतरता उतरता ती सुनेला अस्खलित त्वीत शिव्या घालू लागली.

बेदियाको भिंतीला टेकून हसत सुटला. "आंटी, एनो इतकी गोरी कधी झाली?"

"तोंड बंद कर."

"आणि दागिने बघा! एनो, लपवून ठेवले होतेस होय गं?"

फ्रेमानं आधीची नक्कल काढली. सासू. त्याच्या आधीची. सासूच, फक्त रडत होती. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

त्वी बोलणाऱ्या हिंदी मालिका अंगणातल्या सगळ्यांना हव्या असतात, म्हणून तिनं त्यांच्यासाठी वेगळं यंत्र केलं होतं. ते झालं शनिवारीच. म्हणून तीही आमा. घरात दोन आमा असल्या तर कुणाचं काही बिघडत नाही, हाक मारली की योग्य ती ओ देते. पण कप्पा एकच होता. धाकटीत रोज नवा भाग पडे, म्हणून तिची रोज नवी नक्कल. थोरलीत नवीन काही येणारच नव्हतं, म्हणून तिची जुनीच राहिली. धाकटीनं बसल्या बसल्या थोरलीला घराबाहेर ढकललं होतं.

"गेलं, एनो," फ्रेमा म्हणाली. "माझ्यामुळे गेलं."

बेदियाकोचं हसू थांबलं. "आंटी, माझ्या फोनवर एक तुकडा आहे. अर्ध्या मिनिटाचा. त्यात माझंच घोरणं जास्त ऐकू येतं, पण..."

 एनो पडद्याजवळ सरकली. यंत्रांच्या नावांची रांग दिसत होती. चालू ती हिरवी, बंद ती करडी. तिनं काठीचं टोक एका करड्या नावावर टेकवलं.

"आकोसुआ. ही कोण?"

"असंच काहीतरी असेल. जुना प्रयोग."

"आकोसुआ म्हणजे रविवारची."

"हो."

"तू रविवारी याला हात लावत नाहीस. गल्लीभर सांगत फिरतेस. मग ही रविवारची पोर तुला झाली कुठून?"



"चोरून केलेली दिसते," बेदियाको पुटपुटला.

"मलेरिया," एनो कुजबुजली. सगळे तिच्याकडे झुकले, कारण तिचं बोलणं ऐकायचं तर झुकावंच लागतं. "त्या रविवारी तू प्रार्थनेला आली नव्हतीस. मी सूप घेऊन आले. तू पांघरूण घेऊन इथं बसली होतीस आणि माझं गाणं लागलं होतं. म्हटलं, तापातसुद्धा हिला मीच आठवते. सूप थंड केलंस, भवाने."

फ्रेमाला आठवलं. तापानं झोप येत नव्हती. करमेना, म्हणून तिनं बॅकअप तपासायला घेतला होता. आमाच्या नकलेवरून दुसऱ्या डिस्कवरच एक यंत्र उभं करून पाहिलं. गाणं वाजलं. ते रविवारी जन्मलं, म्हणून आकोसुआ. मग तिनं ते बंद केलं, आणि तापात सगळंच विसरली. पुसलं मात्र नाही.

तिनं आकोसुआला उठवलं. करडं नाव हिरवं झालं. जरा खरखर झाली, एक टाळी वाजली, आणि एनोचा जुना आवाज खोलीत उभा राहिला. रुंद, थोडा खट्याळ, वरच्या सुरात मुद्दाम थांबणारा. बेदियाकोनं टोपी काढली. फ्रेमा रडत होती आणि हसत होती.

"बरी गायची ही बाई," एनो म्हणाली.

शुक्रवारी फ्रेमानं दुकान बंद ठेवलं. आकोसुआची नक्कल आधी दोन ठिकाणी ठेवली. मग नवी डिस्क बसवून थोरली आमा पुन्हा उभी केली. वारानं ती आफुआ व्हायला हवी होती, पण एनो आडवी आली. "मेलेलं माणूस परत आलं तर त्याचं नाव बदलतात का?" तेव्हा नाव ठरलं आमा पान्यिन, म्हणजे थोरली. फ्रीजरवर पाण्याचा थेंब पडला, सोबोलोचा पडला. आठ दिवस कुणी थांबलं नाही.

शनिवारी मांडव भरला. तळलेल्या केळ्यांचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला होता. एनो पांढऱ्या वस्त्रात बसली होती. सगळं तयार होतं. फ्रेमाला एकच काम उरलं होतं, धाकटीला आमा केतेवा, म्हणजे लहान, असं नाव द्यायचं, म्हणजे पुन्हा घोळ नको. ती कोनाड्याशी बसली. टाइप करू लागली: आमा, मग के.

बाहेर टाळ्या सुरू झाल्या.

"आंटी!" बेदियाको ओरडला. "एनो खुर्चीतून उठली! काठी माझ्या हातात देऊन!"

फ्रेमा चप्पल न घालताच धावली.

मालिकांच्या यंत्राचं नाव अजून 'आमा के' आहे. फ्रेमा म्हणते, उद्या पूर्ण करते.